जुन्या मोटारीचा सुटा भाग

घरातील शिवणयंत्राचा एखादा पेच हरवला, किंवा शेगडीची कळ निकामी झाली, तर गृहस्थ बाजारात जातो, यंत्राचे नाव सांगतो आणि तसाच दुसरा भाग घेऊन परत येतो. तो भाग आपल्या यंत्रात बसेल की नाही, अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. ही निश्चिंतता मनुष्यास फार उशिरा लाभली. मोटारगाडीच्या बाबतीत तर ती केव्हा लाभली, त्याचे वर्षही सांगता येते. आणि ती पुन्हा केव्हा हरपते, हे जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

कार्ल बेंझ यांनी आपल्या तीन चाकी मोटारीच्या पेटंटासाठी जर्मनीत २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात, त्यांच्या पत्नी बर्था बेंझ पतीस न सांगता आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइम येथे माहेरी त्याच गाडीतून गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. साखळी बिघडली, तेव्हा एका लोहाराने ती दुरुस्त करून दिली. गतिरोधाचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. त्या लोहाराने किंवा त्या चांभाराने तत्पूर्वी मोटार पाहिलेली असण्याचा संभव फारच थोडा; तरी दोघांचेही काम अडले नाही. कारण मोटार नवी असली, तरी तिचा प्रत्येक भाग जुन्याच धंद्यांच्या हातचा होता. लोहार, कासार, ओतारी, सुतार आणि चांभार यांच्या विद्येतूनच ती जन्मास आली होती.

या जन्माचा एक परिणाम मात्र अटळ होता. एकाच कारखान्याच्या दोन गाड्या दिसावयास सारख्या असल्या, तरी एकीचा भाग दुसरीत बसेलच, असा भरवसा नसे. यंत्रावर ओबडधोबड तयार झालेला भाग जोडारी हातात घेई. शेजारच्या भागाशी लावून पाही. जेथे अडेल तेथे कानशीने घासे. पुन्हा लावून पाही. बेअरिंगचा मऊ पांढरा धातू वितळवून ओतला जाई. मग आसाला निळा रंग लावून तो त्यात फिरवावयाचा, जेथे रंगाचा ठिपका उमटेल तेवढाच उंचवटा खरवडून काढावयाचा, आणि सर्व पृष्ठभागावर रंग सारखा उमटेपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा. अशा रीतीने जुळविलेले दोन भाग एकमेकांचे होत. तिसऱ्याशी त्यांचा संबंध नसे.

ही पद्धत कनिष्ठ होती, असे समजण्याचे कारण नाही. १९०७ साली रोल्स-रॉइस कारखान्याची ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने पुढे विख्यात झालेली गाडी ब्रिटनच्या मोटार क्लबाच्या देखरेखीखाली १५,००० मैलांच्या कसोटीस उतरली. कसोटीनंतर ती सोडवून झिजलेले भाग बदलण्यास अवघा दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स खर्च आला, अशी नोंद आहे. कुशल जोडाऱ्याच्या हाताची ही परमावधी होय.

पण दुसरा विचारही जुना होता. १७८५ साली ओनोरे ब्लाँ या फ्रेंच बंदूककाराने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग ढिगांनी समोर मांडले. त्या वेळी फ्रान्समध्ये अमेरिकेचे वकील असलेले टॉमस जेफर्सन यांनी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः अनेक चाप जोडून पाहिले आणि ते बिनचूक जुळले. हा विचार अमेरिकेतील शस्त्रशाळांत रुजला. तेथे शिकलेल्या कारागिरांपैकी हेन्री लेलँड हे पुढे कॅडिलॅक मोटार कारखान्याचे सूत्रधार झाले.

१९०८ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत इंग्लंडातील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर कॅडिलॅकच्या तीन गाड्या आणण्यात आल्या. त्या लंडनच्या विक्रेत्याकडील आठ गाड्यांतून निवडलेल्या होत्या. प्रत्येक गाडीचे ७२१ भाग सुटे करण्यात आले आणि तिन्ही गाड्यांचे भाग एकत्र मिसळण्यात आले. त्यांतील ८९ भाग परीक्षकांनी बाजूला काढले व त्यांच्या जागी विक्रेत्याच्या कोठारातील नवे भाग दिले. नंतर पाना आणि पेचकस यांसारख्या साध्या हत्यारांनी त्या ढिगातून तीन गाड्या पुन्हा उभ्या करावयाच्या होत्या. अट एकच, पण कठीण : कानस लावावयाची नाही. गाड्या उभ्या राहिल्या, सुरू झाल्या आणि प्रत्येकीने ५०० मैलांची धाव पुरी केली. या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ बाजारात आली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. घासून जुळविण्याचे काम उरले असते, तर फोर्ड यांची सरकती जोडणी-रांग, जी १९१३ मध्ये सुरू झाली, ती पहिल्याच जोडाऱ्यापाशी अडून राहिली असती. लाखो कुटुंबांना मोटार परवडली, ती कानस बाजूस ठेवली म्हणून. हा लाभ लहान नव्हे.

तथापि या व्यवस्थेत एक गृहीत दडलेले होते. तयार भाग मिळतो, तो मागे कारखाना उभा असतो म्हणून. कारखाना बंद पडला, कोठार रिकामे झाले, नकाशे आणि साचे मोडीत गेले, की ७२१ भागांपैकी एक तुटला तरी उरलेले ७२० स्वस्थ बसतात. फोर्डच्या ‘मॉडेल टी’सारख्या लोकप्रिय गाडीचे भाग छोटे कारखाने आजही तयार करतात; परंतु ज्या गाड्या शेकड्यांनीच निघाल्या, त्यांना हा आधार नाही. इंग्लंडमध्ये १८९६ च्या लंडन-ब्रायटन फेरीचे स्मरण म्हणून १९२७ मध्ये जुन्या गाड्यांची फेरी पुन्हा सुरू झाली आणि १९३० मध्ये जुन्या मोटारींचा क्लब स्थापन झाला. जुनी मोटार भंगार नसून जतन करण्याजोगी वस्तू आहे, ही जाणीव तेव्हापासून वाढत गेली. आणि तिच्याबरोबर बाजूस ठेवलेली कानसही पुन्हा हातात घ्यावी लागली.

हे काम वाटते तितके सरळ नाही. बिडाचा एखादा भाग तुटला, तर तोच वाळूत दाबून नवा ओतून घ्यावा, असे कोणासही सुचेल. पण बीड थिजताना आणि निवताना आकसते, सुमारे शंभरास एक या प्रमाणात. पितळ त्याहूनही अधिक. म्हणजे तुटक्या भागावरून घेतलेला नवा भाग मुळापेक्षा लहान निघतो आणि जागेवर बसत नाही. म्हणून साचेकार आकुंचनाचा हिशेब धरून थोडा मोठा लाकडी नमुना करतो, तासून काढावयाच्या पृष्ठभागांवर जास्तीची जाडी ठेवतो, आणि मगच ओतारी भट्टी पेटवितो. मळसूत्राच्या आट्यांचीही हीच कथा. ब्रिटनमध्ये व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकेत सेलर्स यांनी १८६४ साली सुचविलेल्यांचा ६० अंशांचा. एकाचा पेच दुसऱ्यात बळेच पिळला, तर दोन्ही आटे नासतात.

पत्र्याचे काम याहून नाजूक. वाळू भरलेल्या कातडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने त्यास खोलगट आकार द्यावा लागतो. पितळ आणि तांबे ठोकता ठोकता ताठर होतात व अखेर तडकतात. म्हणून मध्येच तापवून त्यांना मऊ करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीत हंडे आणि बंब घडविणाऱ्या तांबटांना हा नियम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ॲल्युमिनियम मात्र दगा देते. तापल्यावर ते लाल होत नाही. रंग न बदलता एकदम वितळते. यावर कारागिरांची युक्ती अशी, की पत्र्यावर साबण चोळावयाचा आणि खालून आच द्यावयाची. साबण काळपट झाला, की पत्रा मऊ झाला असे समजून आच काढून घ्यावयाची.

अलीकडे या कामी नवी साधने आली आहेत. पोर्शे कारखान्याने २०१८ मध्ये जाहीर केले, की तीनशेहूनही कमी संख्येने निघालेल्या आपल्या ‘९५९’ गाडीच्या क्लचचा एक भाग धातूच्या भुकटीपासून त्रिमितीय छपाईने थराथरांनी घडविला आहे. प्रत्यक्ष कारखान्यालाही आपल्या जुन्या गाडीसाठी एकेकटा भाग करावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. असा नवा भाग बसविलेली गाडी जुनी राहिली काय? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या ट्युरिन सनदेचा कल असा, की जुने टिकेल तेवढे टिकवावे आणि नव्याने घातलेल्या भागावर कायमची खूण करावी, म्हणजे पुढील अभ्यासकाची फसवणूक होणार नाही. भारतातही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. मूळ स्वरूप राखावयाचे तर तुटलेला भाग मुळाबरहुकूम घडविणारा हात पाहिजे. आणि खूण करावयाची तर त्या हाताला आपल्या कामाची लाज वाटण्याचे कारण नाही. खोटेपणा नव्या भागात नसतो. तो जुना म्हणून खपविण्यात असतो.

तो हात आयता मिळत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जोडाऱ्याचे काम शिकणारा मुलगा आरंभी लोखंडाचा ठोकळा शिकंजात धरतो आणि कानशीने तो सपाट व काटकोनी करू लागतो. संगणकावर चालणारी यंत्रे शेजारी असताना हा खटाटोप कशासाठी, असे पाहणाऱ्यास वाटेल. पण ज्या गाडीचा कारखाना उरला नाही, नकाशा उरला नाही आणि नमुन्यास दुसरी गाडीही उरली नाही, तिचे भाग मिळण्याचे ठिकाण एकच आहे, आणि ते त्या मुलाच्या हातांत हळूहळू तयार होत असते.