बासशिवायची जोडी

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या ‘हेला’ या जोडीचा पहिला अल्बम ‘होल्ड युअर हॉर्स इज’ २००२ साली आला. गिटारवर स्पेन्सर सीम, ड्रमवर झॅक हिल. गायक नाही, बासही नाही.

हेलाचं संगीत ज्यात मोडतं त्या मॅथ रॉकचं, म्हणजे विषम मात्रांच्या हिशोबावर चालणाऱ्या रॉकचं, मूळ शोधणारे बहुधा किंग क्रिम्सन या बँडपर्यंत जातात, आणि ते रास्तच आहे. १९८१च्या ‘डिसिप्लिन’मध्ये रॉबर्ट फ्रिप आणि एड्रियन बिल्यू यांच्या गिटारी वेगवेगळ्या लांबीची आवर्तनं घेत एकमेकींपासून सुटतात आणि पुन्हा समेवर येऊन मिळतात. रूपकाच्या सात मात्रा अंगवळणी पडलेल्या आपल्या कानांना हा हिशोब मुळीच परका वाटू नये. १९९१मध्ये लुइव्हिलच्या स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’ आला. त्याच सुमारास पिट्सबर्गमध्ये डॉन कॅबायेरो हा बँड उभा राहिला आणि त्यातल्या डेमन चे या वादकाने ड्रमला साथीच्या जागेवरून उठवून पुढे बसवलं. तिकडे जपानमध्ये तात्सुया योशिदाचा ‘रुइन्स’ नुसत्या बास आणि ड्रमवर अख्खी मैफल पेलत होता.

हेलाचं दुसरं मूळ मात्र व्हिडिओ गेममध्ये आहे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचं वाटतं. सीम ‘द अ‍ॅडव्हान्टेज’ या बँडमध्ये ड्रम वाजवत असे आणि हा बँड फक्त निन्टेन्डोच्या खेळांचं संगीत वाजवी. निन्टेन्डोच्या १९८०च्या दशकातल्या खेळयंत्राच्या चिपमध्ये आवाजाच्या पाचच वाहिन्या होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित नमुन्यांची. भरघोस कॉर्ड वाजवायला तेवढ्या पुरत नसत. म्हणून संगीतकार कॉर्डमधले स्वर सुटे करून एकामागोमाग इतक्या वेगाने सोडत, की कानाला ते एकत्रच ऐकू येत. हेलात सीमची गिटार नेमकं हेच करते. तुटक, टोकदार स्वरांचा मारा चालू असतो आणि त्यातूनच सुरावट उभी राहते. खाली बास नसल्यामुळे जी जागा रिकामी राहते, ती हिलच्या हातापायांनी भरते. तो ठेका धरून बसत नाही. गिटारच्या प्रत्येक वळणाला तो उत्तर देतो, कधी तिच्या आधीच वळतो. तिसरा वादक असता तर दोघांपैकी एकाला तरी हात आखडता घ्यावा लागला असता.

पुढे त्यांनी हा साचा मोडूनही पाहिला. २००५च्या जोडअल्बममध्ये दोघांनी एकेक तबकडी स्वतंत्रपणे केली. २००७च्या ‘देअर्स नो ६६६ इन आउटर स्पेस’मध्ये पाच जण होते, गायकही होता. वादन पक्कं होतं, पण त्या गर्दीत गिटार आणि ड्रम यांचं थेट बोलणं हरवलं, असं माझं मत आहे. २०११च्या ‘ट्रिपर’मध्ये पुन्हा दोघंच उरले. नव्याने ऐकणाऱ्याने २००२चा अल्बम आधी लावावा, ‘ट्रिपर’ त्याच्या पाठोपाठ, आणि पहिल्या ऐकण्यात मात्रा मोजू नयेत.