जुन्नर प्रांतांतील देवीची टोचणी

परमुलखांतून आलेल्या वैद्याच्या हातीं आपलें मूल द्यावें, असें जुन्नर-आंबेगांवच्या आईबापांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सहजासहजीं वाटणें शक्य नव्हतें. परंतु देवीच्या रोगाला तेव्हां दुसरा उपायही नव्हता. दारावर कडुनिंबाचे डहाळे बांधावे, शीतळादेवीला नवस करावा, आणि मूल वांचलेंच तर तोंडावरचे वण देवीची खूण म्हणून मानावे, एवढेंच घरच्या माणसांच्या हातीं असे. कित्येक मुलें वांचत, पण डोळे गमावून बसत.

उपाय सांपडला तो इंग्लंडांत. १४ मे १७९६ रोजीं एडवर्ड जेन्नर यानें एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडांतील लस जेम्स फिप्स नांवाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोंचली. पुढें त्या मुलाला देवीची बाधा झाली नाहीं. लस सांपडली खरी, परंतु ती दूरदेशीं न्यावी कशी? उष्ण हवेंत ती लवकर निकामी होई. तिला टिकवून धरण्याचें खात्रीचें पात्र एकच होतें. तें म्हणजे निरोगी मुलाचा दंड. एका मुलाला टोंचावें, आठवे दिवशीं त्याच्या फोडांतील लस घेऊन दुसऱ्याला टोंचावें, आणि ही सांखळी तुटूं देऊं नये.

व्हिएन्नाहून डॉक्टर ज्यां द कारो यानें धाडलेली लस कॉन्स्टॅन्टिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करून मुंबईस पोंचली. तेथें १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वी रीतीनें टोंचली गेली. तिच्या दंडांतील लसीनें मुंबईंतील आणखी पांच मुलांना टोंचण्यांत आलें, आणि नंतर ती पुण्यास व इतर ठिकाणीं पाठविली गेली. पुढच्याच वर्षीं स्पेनच्या राजानें अमेरिकेंतील आपल्या वसाहतींकडे लस धाडली, ती बावीस अनाथ मुलांच्या दंडांवरून. त्या मुलांची आई होऊन इसाबेल सेंदाल ही परिचारिका त्यांच्याबरोबर समुद्रापार गेली. अनाथांच्या वतीनें 'नाहीं' म्हणणारें कोणी नव्हतें. जुन्नरकडील मुलांना मात्र आईबाप होते, आणि त्यांना विचारल्यावांचून कांहीं चालणारें नव्हतें.

१८२७ पासून मुंबई इलाख्याचे टोचणीसाठीं चार विभाग करण्यांत आले. प्रत्येक विभागावर एक युरोपीय डॉक्टर असे; त्याच्या हाताखालचे देशी टोचणीदार ठरलेल्या फेरीनें गांवोगांव हिंडत. दख्खन व खानदेशच्या टोचणीचें काम ज्यांनीं पाहिलें, त्यांत अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर होता. तो कंपनी सरकारचा पगारी नोकर होता खरा, परंतु ह्या मुलखाशीं त्याचें नातें नोकरीपुरतें राहिलें नाहीं. त्यानें मराठी शिकून घेतली. १८३८ मध्यें दापोडीची वनस्पतीबाग त्याच्याकडे आली. जुन्नरजवळ हिवरें येथें तिची शाखा होती, आणि औषधी वनस्पतींची लागवड हा तिचा एक मुख्य हेतु होता. १८४७ मध्यें तो मुंबई इलाख्याचा वनरक्षक झाला, आणि १८६० पर्यंत त्या जागेवर राहिला.

टोचणीचें काम मुख्यतः थंडीच्या दिवसांत चाले, कारण उन्हाळ्यांत लस बिघडे आणि पावसाळ्यांत वाटा बंद होत. नाणेघाटाखेरीज भीमाशंकराकडील घोड नदीचें खोरें ज्यानें पाहिलें आहे, त्याला ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको. परंतु वाटेपेक्षां अवघड होता तो आठव्या दिवसाचा प्रसंग. टोचणीदार परत येई तो बरें झालेल्या मुलाचा फोड पुन्हां उघडावयास. त्या मुलाचा त्यांत लाभ कांहींच नसे. लाभ पुढच्या गांवच्या, कधीं न पाहिलेल्या मुलाचा. कोणत्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगांत जाणार, ही शंका तर देशांत सर्वत्रच होती. शिवाय एकाच्या अंगांतील दुसरा रोगही लसीबरोबर जाण्याचा धोका होता. म्हणून नकार देणाऱ्या आईला निव्वळ अडाणी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. पुढें वासरांपासून लस तयार होऊं लागली, तेव्हां कोठें मुलांच्या दंडांवरचा हा भार उतरला.

भारतांत देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्यें आढळला, आणि १९८० मध्यें जगांतून हा रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. ह्या यशाच्या इतिहासांत जेन्नरचें नांव आहे, कारोचें आहे, गिब्सनचेंही शोधल्यास सांपडतें. परंतु ज्या आयांनीं आठव्या दिवशीं आपलें मूल पुन्हां टोचणीदारासमोर आणून बसविलें, त्यांची नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत. त्यांनीं हात आखडता घेतला असता, तर व्हिएन्नाहून आलेली मदत जुन्नरच्या वेशीबाहेरच थांबली असती.