रास्पबेरी पाय ४ चा स्पीड बूट होतानाच कसा ठरतो?
मोबाईलमध्ये प्रोसेसरचा स्पीड सहसा आपल्या हातात नसतो. रास्पबेरी पाय ४ मध्ये मात्र तो साध्या टेक्स्ट फाईलमधून बदलता येतो. म्हणून हा विषय शिकायला मी हाच बोर्ड सुचवतो.

बोर्डवरचा क्रिस्टल ५४ मेगाहर्ट्झवर चालतो. पीएलएल नावाचं सर्किट तीच फ्रिक्वेन्सी वाढवून १५०० मेगाहर्ट्झपर्यंत नेतं. पॉवर दिली की आधी फर्मवेअर सुरू होतं, मेमरी कार्डावरची 'कॉन्फिग डॉट टीएक्सटी' वाचतं आणि क्लॉक, व्होल्टेज ठरवतं. लिनक्सचा नंबर त्यानंतर.

फाईलमध्ये 'आर्म_फ्रीक' म्हणजे कमाल स्पीड. कमाल बरं का! काम नसलं की बोर्ड आपणहून ६०० वर येतो. तिथे २००० लिहायचं असेल तर 'ओव्हर_व्होल्टेज'ही वाढवावं लागतं, कारण जास्त स्पीडला कमी व्होल्टेज पुरत नाही. व्होल्टेज वाढलं की चिप तापते, आणि ८० अंशांच्या पुढे फर्मवेअरच स्पीड खाली ओढतं. त्यामुळे पंखा किंवा हीटसिंक नसेल तर माझ्या मते हा खटाटोप करूच नका.

बोर्ड सुरूच झाला नाही तर? कार्ड काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, ती ओळ पुसा. झालं.

एक गोष्ट मात्र पुसता येत नाही. 'फोर्स_टर्बो' १ केलं आणि सोबत 'ओव्हर_व्होल्टेज' शून्याच्या वर ठेवलं, तर चिपमध्ये ओव्हरक्लॉकिंगची कायमची नोंद होते. नवं कार्ड टाकलं तरी ती तशीच राहते.