‘द फायटिंग टेमेरेअर’ : प्रकाशयोजना आणि ऐतिहासिक नोंद

जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांचे ‘द फायटिंग टेमेरेअर’ हे तैलचित्र १८३९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडले गेले. आज ते तेथील नॅशनल गॅलरीत आहे. ९८ तोफांची ‘टेमेरेअर’ ही ब्रिटिश युद्धनौका १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’च्या मदतीस धावून गेली होती. सप्टेंबर १८३८ मध्ये तिला शीअरनेसहून टेम्स नदीमार्गे रॉदरहाइथला, मोडीत काढण्यासाठी, ओढून नेण्यात आले. हाच प्रवास चित्राचा विषय आहे.

नोंदींशी ताडून पाहता चित्रातील तपशील जुळत नाहीत. नौकेच्या डोलकाठ्या तत्पूर्वीच उतरविल्या होत्या. चित्रात त्या उभ्या आहेत. तिला ओढणाऱ्या आगबोटी दोन होत्या. चित्रात एकच दिसते. हा प्रवास पश्चिमेकडे होता, त्यामुळे मावळता सूर्य साधारणतः नौकेच्या समोर असावयास हवा. टर्नर यांनी तो तिच्या पाठीमागे दाखविला आहे.

या बदलांमागील सूत्र चित्राच्या रचनेत सापडते. नौका मध्यभागी नसून डावीकडे आहे आणि उजवा भाग सूर्यास्ताला मोकळा सोडला आहे. नौकेचा वर्ण फिकट, सोनेरी छटेचा असून तिच्यापुढील आगबोट काळपट आहे. आगबोटीच्या उंच धुराड्यातील धूर मागे वळून नौकेच्या डोलकाठ्यांवर पसरतो. डावीकडे वर चंद्रकोर आहे. नौका तेजाकडे पाठ करून अंधारणाऱ्या दिशेने निघाली आहे, असा अर्थ केवळ प्रकाशाच्या या विभागणीतून सिद्ध होतो. सूर्य भौगोलिकदृष्ट्या योग्य जागी असता तर हा अर्थ उणावला असता.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक बाब लक्षणीय आहे. प्रदर्शनाच्या सूचिपत्रात टर्नर यांनी टॉमस कॅम्पबेल यांच्या नौदलगौरवपर कवितेतील ओळी बदलून दिल्या. मूळ कवितेत ध्वज अजिंक्यतेचे चिन्ह आहे. बदललेल्या पाठात त्याच ध्वजाने नौकेवरील हक्क सोडला आहे. चित्रातही राष्ट्रध्वज नाही; आगबोटीवर पांढरे निशाण आहे. अशा रीतीने गौरवगीताचे विलापिकेत रूपांतर शब्द आणि रंग या दोन्ही माध्यमांत एकाच वेळी घडले.

म्हणून १८३८ च्या घटनेचे साधन म्हणून हे चित्र वापरताना सावधगिरी बाळगणे आवश्यक ठरते. शिडांच्या युगाचा अस्त त्या काळातील एका कलावंताने कसा अनुभवला, याविषयी मात्र त्याची साक्ष ग्राह्य मानावी लागते; आणि ती साक्ष नोंदींशी न जुळणाऱ्या तपशिलांतच अधिक स्पष्टपणे उमटली आहे.