पागेच्या दारातील दोघे

पालीच्या तिठ्यावर गोव्याचा रस्ता लांज्याकडे वळतो आणि दुसरा साखरपा, आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. या वाटेच्या दोन्ही टोकांना, रत्नागिरीस व कोल्हापुरास, १८५७ साली मुंबई लष्कराच्या २७व्या पलटणीचे शिपाई होते. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातील शिपाई उठले. त्यांतील काहींनी शहरालगतच्या पागेचा आश्रय घेतला.

वार्ता साताऱ्यास पोहोचताच लेफ्टनंट विल्यम अलेक्झांडर कर दक्षिण मराठा घोडदळाचे स्वार घेऊन निघाला. ऐन पावसाळा, नद्या दुथडी भरलेल्या. तरीही सुमारे ७५ मैलांची मजल त्याने जवळजवळ एका अहोरात्रात मारली. पागेची दारे भक्कम होती, आतून गोळीबार चालू होता आणि जवळ तोफ नव्हती. करने सतराएक स्वार पायउतार केले, पहारींनी दार फोडले व तो आत घुसला. आतल्या शिपायांनीही अखेरपर्यंत झुंज दिली. त्यांचे शौर्य उणे होते असे आम्हांस म्हणवत नाही.

या झटापटीत करचे प्राण वाचविले ते त्याच्याबरोबर पहार चालविणाऱ्या एका मराठा स्वाराने. इंग्रजी लेखणीने त्याचे नाव इतके मोडले आहे की आम्ही ते अंदाजानेच ‘गणपतराव देवकर’ असे वाचतो. दार राखणारे आणि दार फोडणारे, दोघेही एकाच मुंबई सरकारचे मीठ खाल्लेले! या युद्धाला कोणी बंड म्हणतात, कोणी स्वातंत्र्यसमर; त्या दारापुरती तरी ती यादवीच होती.

१८५८ च्या एप्रिलमध्ये करला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या मानपत्रात पराक्रमाची तारीख १० जुलै अशी पडली आहे, म्हणजे उठावाच्याही तीन आठवडे आधीची! सरकारी कारकुनी ती. देवकरांना मात्र तो क्रॉस मिळणे शक्यच नव्हते. हिंदी शिपायांसाठी १८३७ पासून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे वेगळे पदक होते. व्हिक्टोरिया क्रॉसचे दार त्यांना १९११ साली उघडले आणि १९१४ मध्ये खुदादाद खान हे त्याचे पहिले हिंदी मानकरी ठरले.

पुढे कर्नल जेकब कोल्हापुरास आला व त्याने ऑगस्टमध्ये पलटणीची शस्त्रे काढून घेतली. डिसेंबरात कोल्हापूर पुन्हा उठले. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांस कराचीस पाठविण्यात आले. तेथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. करने १८६० साली लष्कर सोडले आणि १९१९ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, तो इंग्लंडात फोकस्टन येथे वारला.