प्रौढ विद्यार्थ्याची वही

मराठी भाषेचे एक आरंभीचे छापील व्याकरण मराठी मुलांसाठी लिहिले गेले नव्हते, ही गोष्ट आपण दरवर्षी वर्गात सांगतो आणि पुढे जातो. विल्यम कॅरी यांचे ते व्याकरण १८०५ साली सिद्ध झाले, ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकायला बसलेल्या कंपनीच्या नोकरवर्गासाठी. ज्याला भाषा घरातच मिळते त्याला विभक्तीचे तक्ते लागत नाहीत. ते लागतात उशिरा आलेल्या परक्याला. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण येण्यास १८३६ साल उजाडावे लागले.

चाळिशी उलटल्यावर 'सा' लावायला बसलेल्या माणसाची अवस्था त्या परक्या नोकरदारासारखीच असते. आम्ही एकाच विभागातील तिघे जण गेली दोन वर्षे आठवड्यातून दोन संध्याकाळी गाणे शिकण्यास जातो. आमच्या बाई आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्या आम्हांस 'सर' म्हणतात आणि आम्ही त्यांना 'बाई'. शेजारी सतरंजीवर आठ-नऊ वर्षांची मुले बसलेली असतात. बाईंनी पलटा एकदा म्हटला की ती तो म्हणून मोकळी होतात. आम्ही मात्र आधी वहीत लिहून घेतो. 'वही मिटा, सर,' हे वाक्य आम्ही दोन वर्षांत जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा 'वही उघडा' असे आम्ही उभ्या नोकरीत विद्यार्थ्यांना म्हटले नसेल.

या वहीची आम्हांस लाज वाटू लागली होती. गाणे ही श्रवणाची विद्या, ती कागदावर उतरवणारा तो अनधिकारी, असा एक समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु वहीचा इतिहास पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की ज्याला आज संगीताचा 'पाया' म्हणतात (बारा स्वर, अलंकार, दहा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी, पकड, मग सरगम, मग लक्षणगीत, मग चीज), ती मांडणी मुळात आमच्यासारख्या वहीवाल्यांच्या गरजेतूनच घडली आहे. यातील कित्येक संज्ञा प्राचीन आहेत. वादी-संवादी तर थेट भरतापर्यंत जातात. त्यांचा हा क्रम मात्र शंभर-सव्वाशे वर्षांहून फारसा जुना नाही.

त्यापूर्वीची रीत निराळी होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती गुरुगृही राबून, आणि मिरजेला त्यांनी ती पुढे दिली तीही त्याच मार्गाने. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे लहानपणी आले आणि १८९६ साली बाहेर पडले. तिथे 'आज धडा पहिला' असा प्रकार नसे. गुरू गाई, शिष्य मागे म्हणे. पुष्कळदा चीज आधी गळ्यावर चढे आणि रागाचे नाव मागाहून कळे. लहान मुलाला भाषा येते ती याच रीतीने. पण या रीतीला दोन गोष्टी लागत: कोवळे वय आणि रिकामी वर्षे. ज्याला सकाळी कचेरी गाठायची आहे, त्याला या दारातून प्रवेश नव्हता.

दुसरे दार उघडले ते मुंबईत. कैखुशरू काबराजी हे 'रास्त गोफ्तार'चे संपादक आणि पारशी रंगभूमीचे नाटककार. त्यांच्या पुढाकाराने १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. या संस्थांत जमणारी माणसे वकील, व्यापारी, शिक्षक, सरकारी नोकर अशी होती. गाणे हा त्यांचा पिढीजात धंदा नव्हता आणि तो व्हावा अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्यांना ते समजावे एवढेच हवे होते. १८८४ साली मंडळीत एक चोवीस वर्षांचा सभासद आला. वाळकेश्वरी जन्मलेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा, थोडी सतार वाजवणारा. पुढच्याच वर्षी तो बी. ए. झाला, १८८७ साली एलएल. बी. त्याचे नाव विष्णु नारायण भातखंडे.

चोवीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या दृष्टीने तर ते बालपणच. परंतु घराण्यांच्या मापाने पाहता त्या वयात गवयाचा मुलगा मैफली करीत असतो. भातखंडे त्या वयात रावजीबुवा बेलबागकरांकडे धृपदाची तालीम घेत होते आणि अली हुसेन खाँसाहेबांकडे ख्यालाची, तीही कायद्याचा अभ्यास सांभाळून. पुढे वकिलीही केली. पत्नी आणि कन्या या दोघींच्या मृत्यूनंतर त्यांनी तो व्यवसाय सोडला आणि १९०४ पासून ते देशभर हिंडू लागले. दक्षिणेत एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांची भेट घेतली. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची व्यवस्था पाहिली आणि तिच्या धर्तीवर उत्तरेच्या रागांसाठी दहाच थाट निवडले. जयपूर, रामपूर इथल्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या. जिथे गेले तिथे प्रश्न विचारले. पुष्कळांना ते प्रश्न आवडले नाहीत. घरच्या माणसाला असे प्रश्न पडतच नाहीत. आपण 'ला' प्रत्यय कुठे लावतो आणि का, हे आपल्याला तरी कोण विचारतो?

त्यांची भूमिका साहित्याच्या विद्यार्थ्यांस विशेष परिचित वाटावी. 'नाट्यशास्त्र', 'संगीतरत्नाकर' हे ग्रंथ थोर खरे, परंतु आज जे गाइले जाते त्याचा उलगडा त्यांतून होत नाही, असे त्यांचे म्हणणे. शास्त्राने चालू गाण्याच्या, म्हणजे 'लक्ष्या'च्या, मागून जावे. त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावच 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. गंमत अशी की प्रचाराची बाजू घेणारा हा ग्रंथ त्यांनी 'चतुरपंडित' असे टोपणनाव घेऊन, संस्कृत श्लोकांत लिहिला. प्राचीनत्वाचा शिक्का नसेल तर नवे कोणी ऐकणार नाही, हे त्या वकिलाला पक्के ठाऊक असावे.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो मात्र त्यांचा मराठी ग्रंथ. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि ती आरंभापासून गुरुशिष्यांच्या संवादात लिहिलेली आहे. मराठीला हे रूप नवे नाही. 'विवेकसिंधु' गुरुशिष्यसंवादच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा यांना समोरासमोर बसवले. तरीही मराठी गद्याच्या इतिहासांत भातखंड्यांच्या या हजारो पानांना आपण ओळभरही जागा देत नाही. संगीताचा ग्रंथ म्हणून तो संगीतवाल्यांकडे ढकलून दिला जातो, आणि संगीतवाले त्यातून परीक्षेपुरते राग उचलतात.

या ग्रंथातला शिष्य कोण आहे? तो गुरुगृही पाणी भरणारा मुलगा खास नव्हे. तो वाचतो, दोन ग्रंथांतली मते ताडून पाहतो, 'मग अमुक गायक असे का गातात' म्हणून अडवतो. त्याला पटवावे लागते. कधी कधी तो फारच समंजस वाटतो आणि गुरूला हवा तोच प्रश्न विचारतो; धोंडीबाही तसेच करतो. पण गाण्याच्या क्षेत्रात शिष्याला तोंड उघडून 'का' म्हणू देणे हीच त्या काळी केवढी गोष्ट! हा शिष्य प्रौढ आहे. त्याच्या हाती वही आहे. पुढे 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांतून त्याच्यासाठीच हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीत छापल्या गेल्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर.

इथे एक अस्वस्थताही नोंदवली पाहिजे. त्या चिजा कुणाच्या होत्या? पिढ्यान्‌पिढ्या त्या जपून ठेवणाऱ्या मुसलमान घराण्यांच्या. चीज ही त्यांची मिळकत होती आणि छापल्यावर ती सर्वांची झाली. आमच्या वहीतली चीज आम्हांस छापील पुस्तकातून मिळते, याचा आनंद मानताना ही बाजू विसरता येत नाही. जानकी बाखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' या २००५ सालच्या ग्रंथात भातखंडे आणि पलुसकर या दोघांच्या कार्याची कठोर तपासणी केली आहे. उस्ताद मागे सारले गेले, असा त्यांचा रोख आहे. तो आम्हांस बराचसा पटतो. शिवाय संगीत 'घरंदाज' मुलामुलींसाठी स्वच्छ करण्याच्या भरात, ज्या गाणाऱ्या बायकांनी ते जिवंत ठेवले होते त्यांना विद्यालयाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले. उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी पंगत वाढताना कुणाला तरी पाटावरून उठवले गेले, आणि तो पाहुणा आम्हीच आहोत.

पलुसकरांविषयी थोडेच. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरुगृहाऐवजी वर्ग, इयत्ता, परीक्षा आणल्या. त्यांच्या पश्चात शिष्यांनी स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला आम्ही गेल्या वर्षी बसलो. बाकावर गुडघे मावत नव्हते. परीक्षकांनी आम्हांस पालक समजून बाहेर थांबण्यास सांगितले, एवढेच सांगतो.

दहा थाटांवर आक्षेप पुष्कळ आहेत. अहिरभैरवाचे स्वर कुठल्याच थाटात बसत नाहीत. पटदीप काफीत घालायचा तर त्यातला शुद्ध निषाद अडतो. आम्हांस छळले ते भूप आणि देशकार यांनी. दोहोंचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरी भूप कल्याण थाटाचा आणि देशकार बिलावलाचा. कल्याण आणि बिलावल यांत भेद एका मध्यमाचा, आणि तो तर दोन्ही रागांत वर्ज्य! मग थाट ठरवला कशावरून? भातखंड्यांच्या त्या शिष्याच्या थाटात आम्ही हा प्रश्न वहीत लिहून बाईंपुढे ठेवला. पुस्तकाचे उत्तर आम्हांस पाठ होते: भूपात वादी गंधार, देशकारात धैवत; भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा; चलन निराळे. बाईंनी वही वाचली, बाजूला ठेवली, आणि पंचमावरून वर जाऊन धैवतावर थांबल्या. मग गंधारावर उतरून तिथे थांबल्या. पुन्हा एकदा तसेच केले. मुले खिदळत होती. त्यांना ते केव्हाच कळले होते. आम्हांला तिसऱ्या खेपेस कळले, आणि मग वहीतले उत्तर पुन्हा वाचले तेव्हा त्यातला शब्द न्‌ शब्द बरोबर होता.

अजूनही भूप गाताना आमच्यापैकी एकाचा धैवतावर मुक्काम लांबतो. बाई तंबोऱ्यावरचा हात न थांबवता विचारतात, 'सकाळ झाली का, सर?'