संकरित मोटारींची प्रमाणित व प्रत्यक्ष इंधनक्षमता
प्रमाणित इंधनक्षमता म्हणजे एक लिटर इंधनात मोटार किती किलोमीटर धावते, याचा प्रयोगशाळेत मोजलेला आकडा. भारतात पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ही चाचणी घेतात. वाहन रोलरवर चालवले जाते. कमाल वेग ताशी ९० किमी असतो आणि एसी बंद असतो. मारुती सुझुकी ग्रँड व्हिटाराच्या संकरित (हायब्रिड) प्रकाराचा २७.९७ किमी हा आकडा असाच मिळालेला आहे.

संकरित मोटारीत ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवली जाते. त्यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत बचत अधिक होते. धुळे-जळगाव महामार्गावर सलग वेगात ही संधी कमी मिळते. त्यात खानदेशातील मे महिन्याचे ऊन! पारा अनेकदा ४४ अंशांवर जातो, तेव्हा एसी बंद ठेवणे अशक्यच. प्रत्यक्ष आकडा साहजिकच घटतो. तो काढण्यासाठी टाकी पूर्ण भरावी आणि पुढील वेळी पुन्हा भरताना कापलेल्या अंतराला लागलेल्या लिटरांनी भागावे.